दापोडी ते शिवनेरी: डॉ. गिब्सनच्या वाटेवर

अलेक्झांडर गिब्सन हा कंपनी सरकारचा स्कॉटिश सर्जन. देवीची लस टोचत त्याने दख्खन आणि खानदेशातली गावं पालथी घातली, मराठी शिकला आणि जाता येता झाडं गोळा केली. 1838 मध्ये पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग त्याच्याकडे आली, 1847 मध्ये मुंबई इलाख्याची जंगलं. जंगल तुटलं की झरे आटतात, हे तो तेव्हाच सरकारला लिहून कळवत होता. 1861 साली वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेलबरोबर त्याने ‘बॉम्बे फ्लोरा’ हे इलाख्यातल्या वनस्पतींचं पुस्तक छापलं.

दापोडीसाठी अर्धा तास पुरे. लोणावळा लोकलने उतरता येतं, पण बाग केव्हाच मोडली. तिथली फुलं बघायची तर चित्रांत: गिब्सनने भारतीय चित्रकाराकडून काढून घेतलेली चित्रं एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत.

खरा दिवस जुन्नर तालुक्यासाठी राखा. पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव साधारण 75 किलोमीटर. औषधी झाडांची त्याची दुसरी बाग जवळच हिवऱ्याला होती. तालुक्यात हिवरे एकाहून जास्त आहेत, म्हणून विचारताना ‘हिवरे तर्फे नारायणगाव’ असं पूर्ण नाव घ्या.

जुन्नरच्या कातळांवरची शिंदळ माकडी ही वनस्पती डालझेलने 1860 च्या दशकात शास्त्राला नवी म्हणून नोंदवली आणि गव्हर्नर फ्रियरच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलं. मांसल खोड, पाच पाकळ्यांचं गडद तांबडं फूल, त्यावर पिवळे ठिपके. फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. उन्हाळ्यात पानं गळतात आणि नुसतं खोड ओळखू येत नाही. ती उभ्या कड्याला धरून असते, तेव्हा दुर्बीण किंवा झूम लेन्स हवीच. ओल्या कड्यावर वाकून फोटो काढणं हा शुद्ध वेडेपणा. सापडलीच तर नेमकी जागा कुठेही टाकू नका, फोटोतलं लोकेशनही पुसा. अत्तर लावून शिवनेरी गडावर जाऊ नये, कड्यांना आग्या मोहोळं असतात.

गडावर किंवा वनखात्याच्या हद्दीत काही तोडायचं नाही. झाड दाबून, वाळवून कागदावर लावायचा नमुना करून बघायचाच असेल तर बांधावरचा टाकळा घ्या, मालकाला विचारून. फूल आणि शेंग दोन्ही असलेली फांदी निवडा, एक पान उलटं ठेवा. 45 बाय 30 सेंटीमीटरच्या दोन फळ्या, मध्ये वर्तमानपत्र आणि पुठ्ठे, वरून पट्टे घट्ट. पावसाळ्यात पहिले चार दिवस कागद रोज बदला; इथेच बहुतेकांचा आळस होतो आणि पानं काळी पडून बुरशी धरते. मांसल झाड दाबाखालीही जिवंत राहतं आणि पानं टाकतं, म्हणून आधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवावं लागतं. आठ-दहा दिवसांनी 42 बाय 28 च्या जाड कागदावर चिकटवा, चिठ्ठी खाली उजव्या कोपऱ्यात. चिठ्ठीत तारीख, जागा, उंची, जमीन, गावातलं नाव आणि मुख्य म्हणजे फुलाचा रंग, कारण वाळल्यावर तो उडतो. हे जागेवरच लिहा. चिठ्ठीविना नमुना म्हणजे पालापाचोळा.

जुने नमुने पाहायला पुण्यात कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय आहे. आधी लेखी परवानगी काढा, शनिवार-रविवार धरू नका. कागद पुस्तकासारखे उलटवू नयेत, एकेक उचलून सपाट ठेवावेत. जुन्या नमुन्यांना किडीसाठी मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचं विष लावत, तेव्हा वास घेऊ नका आणि हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका.