स्टॉकहोमचा बेत

म्युनिक, २ जून

लेकीने काल निर्वाणीचं सांगितलं, "आई, तुम्ही दोघंच जा. आम्ही येणार नाही." आजवर आमचा प्रवास म्हणजे दीर-जावा, पोरंटोरं आणि टूरवाल्याची शिट्टी. त्यामुळे बेत आखायला बसलो आणि 'हे बघू या का?' म्हणून विचारायला तिसरं कोणीच नव्हतं. शेंगेन व्हिसा आहेच, स्वीडनला वेगळा लागत नाही. तेव्हा शुक्रवार ते रविवार, स्टॉकहोम.

स्वस्त तिकीट १९ जूनचं दिसत होतं आणि हे लगेच काढायला निघाले होते. जावयांनी थांबवलं. १९ ते २५ जूनमधला जो शुक्रवार येतो, तो तिकडे मिडसमर या सणाचा. गणपतीत मुंबईतला कोकणी माणूस गावाला जातो तशी ती माणसं बेटांवरच्या घरांकडे पळतात आणि शहरातली बरीच दुकानं-रेस्टॉरंट्स बंद. स्कान्सेन या उघड्यावरच्या संग्रहालयात फुलापानांच्या खांबाभोवती नाच असतो, तेवढ्यासाठी जावं असं ह्यांना वाटत होतं; मला नाही वाटलं. म्हणून एक आठवडा आधी, १२ तारखेला.

मग ह्यांची यादी आली. ड्रॉटनिंगहोमचा राजवाडा, नोबेल म्युझियम, सिटी हॉल, वाक्सहोमची बोट, भुयारी रेल्वेची रंगवलेली स्टेशनं... मी पेन घेतलं आणि काट मारत सुटले. शहर चौदा बेटांवर वसलेलं, एकीकडे मेलारेन सरोवर, दुसरीकडे बाल्टिक. तिथे जाऊन दिवसभर छपराखाली काय फिरायचं?

संग्रहालयात ठेवलेली वासा ही जुनी युद्धनौका मात्र यादीत ठेवली. निवृत्त इंजिनिअरला त्यापासून तोडणं पाप आहे. हे जहाज १० ऑगस्ट १६२८ला पहिल्याच फेरीला निघालं आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन बंदरातच बुडालं. तोफांचे दोन मजले, वरचा भार जास्त. आधी चाचणी म्हणून तीस माणसांना डेकवर या कडेहून त्या कडेला पळवलं, तर जहाज इतकं झुलायला लागलं की चाचणीच थांबवली! आणि तरी पाठवलं. हे सांगताना ह्यांचा आवाज असा चढला की जणू ह्यांच्याच साइटवर घडलंय. बाल्टिकचं पाणी कमी खारट, लाकूड पोखरणारी कीड त्यात जगत नाही, म्हणून १९६१ला वर काढलं तेव्हा जवळजवळ अख्खं मिळालं. शुक्रवारची दुपार वासाला. स्लुसेनहून फेरीबोटीनेच जायचं, बस-मेट्रोचा पास त्यावरही चालतो.

संध्याकाळ माझी. सोदरमाल्म बेटावर मोंटेलियसवेगन नावाची कड्यावरची पायवाट आहे, समोर पाणी आणि पलीकडे सिटी हॉल. जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री दहाला, म्हणजे जेवणखाण उरकून निवांत जाता येईल. पहाटे साडेतीनला उजाडतं, तेव्हा डोळ्यांवरच्या पट्ट्या पिशवीत टाकल्या. हॉटेलच्या फोटोत पलंग एक पण दुलया दोन, तिकडची ती रीतच आहे. तीस वर्षांपूर्वी कळली असती तर किती भांडणं वाचली असती.

ह्यांनी नोटा दोन खिशांत वाटून ठेवल्यात. कित्येक ठिकाणी रोख घेतच नाहीत, सगळं कार्डावर, हे सांगून झालंय. पण खिशात पैसे नसले की ह्यांना चालताच येत नाही.

अडलं ते सिटी हॉलवर. १० डिसेंबरची नोबेलची मेजवानी तिथे होते, म्हणून ह्यांना हवाच. आत गाइडबरोबरच जाता येतं, आणि गाइड म्हटलं की मला टूरवाल्याची शिट्टी ऐकू येते. शेवटी ठरलं : रविवारी सकाळी हे सिटी हॉलला, मी गामला स्तानच्या, म्हणजे जुन्या शहराच्या, चौकात कॉफी आणि दालचिनीचा बन घेऊन बसणार.

लेक कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं आई, ही कपल ट्रिप आहे ना?"

म्हटलं, "म्हणूनच तर."