तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनी बुडाली, आता घराचं काय?

भोसरी-चाकणकडचे लहान कारखानदार माझ्याकडे हिशेबाला येतात. धंदा गाळात गेला की हमखास विचारतात, "साहेब, आपली तर प्रायव्हेट लिमिटेड, कंपनीचं कर्ज कंपनीचं. कंपनी लिक्विडेशनमध्ये (मालमत्ता विकून कंपनी बंद करणं) गेल्यावर बँक घरापर्यंत कशी येईल?"

येते. तुम्ही जामीन राहिला असाल तर नक्की येते.

मी आधी हमीपत्र मागतो. बहुतेकांकडे प्रतच नसते, बँकेतून आणावी लागते. सीसी लिमिट (धंद्यासाठीचं कॅश क्रेडिट कर्ज) मंजूर झालं त्या आनंदात पानापानावर सह्या ठोकलेल्या असतात. दुसरा जामीनदार म्हणून सही असते बायकोची, जिने कारखाना फक्त दसऱ्याच्या पूजेला पाहिलेला असतो.

1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. त्यामुळे कंपनीची यंत्रं विकून होईपर्यंत बँकेला थांबावं लागत नाही. लिक्विडेटर (कंपनीची मालमत्ता विकायला नेमलेला माणूस) ती भंगारच्या भावात काढतो, आलेले पैसे वजा होतात आणि उरलेलं तुमच्या नावावर राहतं. 1 डिसेंबर 2019 पासून दिवाळखोरी संहितेखाली जामीनदारालाही एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) खेचता येतं. कंपनीचा निकाल लागला म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये स्पष्ट केलं.

मग सुचतं बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर बायकोच्या किंवा मुलांच्या नावे करायला मुद्रांक शुल्क 200 रुपये, म्हणून मोह होतो. घर गहाण असेल तर त्याने काहीच साधत नाही. गहाण नसलं, तरी ज्यांचे पैसे देणं आहे त्यांना चुकवण्यासाठी केलेला व्यवहार न्यायालय रद्द करू शकतं. शिवाय तडजोडीच्या टेबलावर तुमची पत जाते ती वेगळीच. तो सल्ला देणारा मेहुणा प्रत्येक घरात कसा असतो, देव जाणे.

दोन भागीदार जामीन असतील तर 'निम्मं माझं' हे बँकेपुढे चालत नाही. ज्याचा फ्लॅट सापडेल त्याच्याकडून ती सगळं वसूल करू शकते. जास्त भरणाऱ्याने दुसऱ्याकडून हिस्सा मागायचा. बँकेचे पैसे फेडल्यावर तिच्या जागी उभं राहून कंपनीकडे मागण्याचा हक्क कलम 140 देतं, पण लिक्विडेशनमध्ये त्यातून हाती फारसं लागलेलं मी पाहिलं नाही. पीएफला मात्र सहसा जप्ती लागत नाही. तो मोडून हप्ते भरत बसू नका.

घर गहाण असेल तर सरफेसीची, म्हणजे कोर्टात न जाता गहाण मालमत्ता विकू देणाऱ्या कायद्याची, 60 दिवसांची नोटीस येते. ती कपाटात ठेवणारे सर्वांत जास्त पस्तावतात. आकडा चुकीचा वाटत असेल तर लेखी हरकत घ्या. बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच काळात वन टाइम सेटलमेंटचा (ठरावीक रकमेवर तडजोड करून कर्ज मिटवण्याचा) अर्ज टाका, पण पैसे कुठून येणार ते कागदावर दाखवूनच. नुसत्या हातापाया पडण्याला ब्रँच मॅनेजर काही करू शकत नाही, मंजुरी बहुधा वरूनच येते.

मंजुरीचं पत्र आलं की पैसे भरण्याआधी नीट वाचा. त्यात फक्त कंपनीचं खातं बंद होणार असं असेल तर परत पाठवा. ठरलेली रक्कम भरल्यावर हमी संपली, असं सर्व जामीनदारांची नावं घालून लिहून घ्या, बायकोचंसुद्धा.