ठेका कोण धरणार?

जॅझ ऐकताना माझे कान ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनवर फार वेळ टिकत नाहीत. ते मागे, ड्रमच्या पसाऱ्यात बसलेल्या माणसाच्या हातापायांकडे वळतात. भजनाला बसल्यावर बुवांइतकेच पखवाजाकडे लक्ष देण्याची खोड लहानपणापासून असल्यामुळे असे होत असावे. या खोडीचा एक फायदा मात्र आहे. जॅझच्या इतिहासाची पुस्तके न्यू ऑर्लिन्स, स्विंग, बीबॉप, कूल, हार्ड बॉप, फ्री, फ्यूजन अशी लांबलचक वंशावळ मांडतात आणि तिच्या प्रत्येक फांदीवर एकेका महापुरुषाची तसबीर टांगतात. त्या तसबिरी बाजूला ठेवून ठेका कोणी आणि कशावर धरला आहे एवढेच ऐकत गेले, तर वंशावळ पाठ करावी लागत नाही. शैली बदलली की ती कानालाच कळते.

सुरुवातीला ठेका पायांत होता, आणि तोही रस्त्याने चालणाऱ्यांच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्समध्ये मिरवणुकीपासून अंत्ययात्रेपर्यंत सगळीकडे ब्रास बँड लागे, आणि त्यात मोठा ढोल एकाच्या गळ्यात, तर स्नेअर, म्हणजे काडीने वाजवायचा लहान खरखरता ढोल, दुसऱ्याच्या गळ्यात असे. हा बँड नाचघरात शिरला तेव्हा जागेची आणि बिदागीची काटकसर म्हणून ढोल जमिनीवर टेकवून पायाने वाजवण्याची युक्ती निघाली, आणि १९०९ च्या सुमारास शिकागोच्या लुडविग यांनी त्यासाठी चपळ पेडल बाजारात आणल्यावर एकच माणूस दोघा-तिघांचे काम करू लागला. लष्करी बँडचे ढोल, तुर्कस्तानातल्या कारागिरीच्या झांजा आणि चिनी टॉम-टॉम एकत्र बांधून हे वाद्य तयार झाले, आणि ज्यांचे पूर्वज दर रविवारी न्यू ऑर्लिन्समधल्या काँगो स्क्वेअरच्या मैदानात जमून आफ्रिकी ताल वाजवत, त्या माणसांनी त्याला बोलते केले.

गंमत अशी की त्या काळचे हे बोलणे तबकड्यांवर जवळजवळ ऐकूच येत नाही. १९२३ साली किंग ऑलिव्हरचा बँड, तरुण लुई आर्मस्ट्राँगसह, इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट या तबकडी कंपनीसाठी वाजवायला गेला, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. सगळ्यांनी एका मोठ्या कर्ण्यापुढे उभे राहायचे आणि आवाजाच्या धक्क्याने सुईने मेणावर रेघ ओढायची, अशी रीत होती. ढोलाच्या दणक्याने सुई उडण्याची भीती असल्यामुळे बेबी डॉड्ससारख्या पट्टीच्या ड्रमरला लाकडी ठोकळ्यांवर टकटक करत बसावे लागले. म्हणजे आपण ज्याला अस्सल न्यू ऑर्लिन्स शैलीचा नाद समजतो, त्यातून तिचा पायाच गाळलेला आहे. तेवीस वर्षांनी, १९४६ मध्ये, डॉड्सने एकट्याने ड्रम वाजवून काही तबकड्या केल्या. त्या ऐकल्यावर १९२३ च्या तबकड्यांत काय गमावले ते कळते आणि त्या ठोकळ्यांचा राग येतो.

विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ पासून सुरू झाले आणि ढोलाला दार उघडले, पण नेमक्या त्याच सुमारास ठेका ढोलावरून उठण्याच्या तयारीत होता. कॅन्सस सिटीत काउंट बेसीच्या बँडमध्ये ड्रमर जो जोन्सने तो हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप करणाऱ्या झांजांच्या जोडीवर नेला. त्याची झांज पुरती मिटत नाही. ‘चँ’ उमटतो, हवेत थोडा रेंगाळतो आणि पुढच्या मात्रेच्या अंगावर रेलतो. त्याच्या जोडीला वॉल्टर पेजचा बेस आणि फ्रेडी ग्रीनची गिटार चारही मात्रा सारख्या वजनाने चालवतात, त्यामुळे सोळा माणसांचा ताफा तेल घातल्यासारखा सरकतो. हार्लेमच्या सॅव्हॉयसारख्या नाचघरांत रोज रात्री गर्दी नाचायची ती या सरकण्यावर. ही लाट मुंबईतही लवकर पोचली. १९३५ साली लिऑन ॲबीचा बँड ताजमध्ये वाजवायला आला, गोव्याच्या वादकांनी ती चाल उचलली, आणि त्यांच्यातल्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट पुढे सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मधून घराघरांत गेला. जॅझशी आपला काही संबंध नाही असे म्हणणाऱ्या कितीतरी मराठी माणसांचे पाय ‘शोला जो भडके’वर हलतात ते उगीच नव्हे.

यानंतरचा बदल मला सगळ्यात आवडतो, कारण त्याचे मूळ दमलेल्या पायात आहे. ड्रमर केनी क्लार्क मोठ्या बँडांत भन्नाट लयीची गाणी वाजवत असे, तेव्हा प्रत्येक मात्रेला ढोल मारून त्याचा पाय थकून जाई. त्याने ठेका उजव्या हाताने वरच्या मोठ्या झांजेवर, राइडवर, नेला. ‘टिंग, टिंग-टि-टिंग’ हा आज जॅझची ओळख ठरलेला आवाज त्याच्यामुळे रुळला. पाय मोकळा झाल्यावर तो स्वस्थ थोडाच बसणार? गप्पांत रंगलेल्या माणसाला शेजाऱ्याने मध्येच कोपरखळी मारावी, तसे त्याचे ढोलाचे ठोके अवचित पडू लागले. बँडमधल्या लोकांना हे रुचेना आणि बँडचा प्रमुख टेडी हिल याने त्याला काढून टाकले. पुढे १९४० साली हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबचा कारभार याच टेडी हिलकडे आला आणि त्याने क्लार्कलाच बोलावून घेतले. तिथे थेलोनिअस मंक पियानोला असे, ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी येऊन जाई, आणि त्या रात्रींतून बीबॉप घडले.

काळानेही हातभार लावला. १९४२ च्या ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला आणि सगळ्या बड्या कंपन्यांशी तडजोड व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला, त्यामुळे बीबॉपचे बाळपण जगाने ऐकलेच नाही. १९४४ मध्ये सरकारने नाच-गाणे चालणाऱ्या जागांवर जबर कर बसवला. नुसते बसून वाद्ये ऐकली तर तो लागत नसे. नाचाची गरज उरली नाही तेव्हा ठेक्यानेही जमीन सोडली. आणि हे चालू असतानाच त्याच न्यूयॉर्कमध्ये न्यू ऑर्लिन्सची जुनी शैली नव्या उत्साहाने वाजत होती. वंशावळीचा तक्ता काढणाऱ्यांची तिथे पंचाईत होते.

१९४८ मध्ये मोठी तबकडी (एलपी) आली, जुन्या तबकडीची तीन मिनिटांची मर्यादा गेली आणि झांजेला विरून जायला सवड मिळाली. कूल ही शांत शैली आणि हार्ड बॉप ही दणकेबाज, त्यांच्याबद्दल लोक पुष्कळ वाद घालतात. मला त्यांतला फरक हार्ड बॉपचा ड्रमर आर्ट ब्लेकी याच्या स्नेअरवरच्या गडगडाटात पुरेसा कळतो. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीमध्ये मात्र एक क्षण आहे. पहिल्याच रचनेत ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचे एकल वादन सुरू होते त्याच मात्रेवर ड्रमर जिमी कॉब झांजेवर एक टोला देतो, आणि एके काळी चर्च असलेल्या त्या उंच छताच्या स्टुडिओत तो इतका पसरतो, की ट्रम्पेटचे पहिले स्वर त्याच्या आतून वाजतात. त्याच वर्षी ड्रमर जो मोरेलोने पाच मात्रांचे आवर्तन लोकप्रिय केले तेव्हा अमेरिकेला फार नवल वाटले. झपताल ऐकलेल्यांना त्यात कसले आले नवल, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मोरेलो आदल्याच वर्षी पियानोवादक डेव्ह ब्रूबेकबरोबर भारतात येऊन मद्रासला मृदंग ऐकून गेला होता, तेव्हा मोह आवरलेला बरा.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९६० मध्ये, सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनने वादकांच्या दोन चौकड्या एकाच वेळी वाजवायला बसवल्या, एक डाव्या कानात, एक उजव्या. ‘फ्री जॅझ’ नावाच्या सदतीस मिनिटांच्या या गदारोळाला लोक ठेका नसलेले संगीत म्हणतात. उजव्या बाजूचा ड्रमर एड ब्लॅकवेल हा न्यू ऑर्लिन्सचा. नीट ऐकले तर त्याच्या स्नेअरवर तिथली मिरवणूक चालू असते.

फ्यूजनमध्ये, म्हणजे जॅझ आणि रॉकच्या सरमिसळीत, ती रेलणारी चाल मोडून रॉकचे सरळ, समान ठोके आले. त्या काळाच्या बऱ्याचशा तबकड्या मी एका बैठकीत ऐकू शकत नाही. पण त्या मोकळिकीमुळेच शोभा गुर्टू यांचा मुलगा त्रिलोक मुंबईहून जाऊन गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या साथीला बसू शकला. ड्रमरचे स्टूल बाजूला सारून, तबला हाताशी ठेवून तो वाजवतो, आणि वाजती घंटा पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर वाकवतो.

अलीकडे तर ठेका यंत्राकडून शिकला जातो. डेट्रॉइटच्या जे डिला या हिप-हॉप संगीतकाराने यंत्रावर मुद्दाम थोडे मागेपुढे पडणारे ठोके रचले, आणि पियानोवादक रॉबर्ट ग्लास्परच्या साथीला वाजवणारा ड्रमर क्रिस डेव्ह त्या धाटणीची लंगडती चाल हातापायांनी वाजवतो. स्नेअर उशिरा पडली की झांज लवकर आली, याचा निवाडा मला अजून करता येत नाही. टेडी हिलने या पोरालाही आधी काढून टाकले असते आणि मग निरोप धाडून परत बोलावले असते.