नागपूर, क्वार्टर इम्पीरियल कागदावर

नागपूरला येणाऱ्या पाहुण्याला दीक्षाभूमी, फुटाळा, सावजी आणि संत्रा बर्फी एवढं सांगितलं की यजमान मोकळा होतो. चित्रकलेच्या विद्यार्थ्याचं नागपूर जरा आडवाटेचं आहे आणि ते बघायचं तर श्रावणात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, वॉश, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगाचा पातळ थर, कागदावर पसरायच्या आत वाळतो आणि कडा कडक होतात. हिवाळ्यात उजेड फार सुंदर असतो, पण तेव्हा चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत, गणपती नसतात. श्रावणात हवा दमट आणि उजेड ढगाळ असला तरी शहरातले निम्मे हात मातीत असतात. म्हणून हा फेरफटका श्रावणातला.

पिशवीत ११ × १५ इंचांचा क्वार्टर इम्पीरियल कागद घ्यावा. त्यापेक्षा मोठा पाट (कागद चिकटवायची फळी) घेऊन मेट्रोत चढलं की आपण सगळ्यांच्या गुडघ्यांना लागतो. जाड, ३०० जीएसएमचे कॉटनचे दोन-तीन कागद आणि बाकी साधं कार्ट्रिज (रेखाटनाचा कागद) पुरतं. पातळ कागदावर ओला वॉश दिला की तो फुगतो, रंग खळग्यांत साचतो आणि वाळल्यावर तिथे डाग उरतो. म्हणून कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने पाटाला चिकटवूनच निघायचं. ट्यूब पाच: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन. पाण्याच्या बाटल्या दोन, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. छत्री काळी किंवा राखाडीच हवी. लाल-निळ्या छत्रीखाली तिचा रंग कागदावर उतरतो आणि घरी आल्यावर कळतं की आकाश उगाचच जांभळं झालंय.

सुरुवात झिरो माइल या सर्वेक्षणाच्या जुन्या खुणेपासून. मेट्रोच्या ऑरेंज लाइनच्या स्टेशनलाच तिचं नाव आहे. वालुकाश्माचा खांब, गिलाव्याचे चार घोडे आणि सर्वेक्षणाचा १९०७ सालचा दगड, एवढाच ऐवज. पर्यटक दोन मिनिटांत फोटो काढून जातात. आम्हाला मात्र हे घोडे तासभर पुरतात, कारण जिवंत घोडा इतका वेळ स्थिर उभा राहत नाही. डोक्याची लांबी हे माप धरायचं. खांद्यापर्यंतची उंची साधारण अडीच डोकी, छातीपासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबीही जवळजवळ तेवढीच. म्हणजे पायांसकट घोडा मुळात एका चौकोनात बसतो. चूक ठरलेली असते ती मागच्या पायात. मधोमध मागे वळलेला सांधा आपण गुडघा समजतो. तो खरं तर घोटा आहे, गुडघा वर पोटाजवळ. एवढं कळलं नाही तर घोडा खुर्चीवर बसल्यासारखा दिसतो.

तिथून अजब बंगला चालत गाठता येतो. मध्यवर्ती संग्रहालय हे त्याचं कागदोपत्री नाव, स्थापना १८६३ सालची, पण रिक्षावाल्याला अजब बंगलाच सांगा. सोमवार टाळा. दालनात रंग काढू नयेत, पेन्सिल आणि खोडरबर बास. शिल्पांच्या दालनात उजेड एकाच बाजूने येत असेल अशी मूर्ती निवडायची. दोन बाजूंनी उजेड पडला की सावल्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि दगडाची गोलाई कागदावर येतच नाही. आधी २बी पेन्सिलने मोठे उतार मांडायचे; दागिने, मुकुट, बोटं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण मुकुटापासून सुरुवात करतात आणि पायांना कागद पुरत नाही. वाकाटक या प्राचीन राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन इथून जवळच, आजच्या नगरधनला. त्या काळातला मनसरचा गाजलेला शिव मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो इथे शोधत बसू नये.

दुपारी तर्री-पोहे खाऊन सीताबर्डीला गाडी बदलायची. अॅक्वा लाइनवर थेट चितार ओळीच्या नावाचं स्टेशन आहे, पुढे पायी. या वस्तीत मूर्तिकारांची घरं आणि कारखाने एकच. श्रावणात रस्त्याच्या दोन्ही कडांना अर्धवट गणपती उभे असतात, कुणाला हात नाहीत, कुणाला सोंड. स्केच करायचं असेल तर आधी "काका, इथे बसू का?" म्हणून विचारावं आणि माल ये-जा करतो ती वाट सोडून बसावं. स्टूल ठेवायला जागा मिळतेच असं नाही, भिंतीला टेकून उभ्यानेच काम होतं.

माझं मन इथे सगळ्यात जास्त रमतं, कारण मूर्तीच्या आतलं काम दिसतं. लाकडी पाटावर उभी फळी, तिच्यावर सुतळीने घट्ट बांधलेलं तणस (भाताचा पेंढा). हा सांगाडा ढिला राहिला तर पुढे काहीही केलं तरी मूर्ती कलते. पहिला थर भरड मातीचा, त्यात भुसा किंवा तणसाचे तुकडे, म्हणजे वाळताना माती आकसली तरी धरून राहते. तो थर थोडा कडक झाल्यावर दुसरा, चाळलेल्या बारीक मातीचा, त्यात पिंजलेला कापूस. भेगा पडतात त्या बहुतेक तीन ठिकाणी: मान, कोपर आणि सोंडेचा वळसा. जाड आणि पातळ भाग शेजारी आले की पातळ आधी वाळतो आणि जाडापासून सुटू पाहतो. त्यावर इलाज म्हणजे पातळ कालवलेल्या मातीत बुडवलेली सुती कापडाची पट्टी भेगेवर बसवायची आणि ओल्या ब्रशने कडा मिटवायच्या. घाईने मोठे दिवे लावून वाळवलं की वरचा थर कडक होतो, आतला ओला राहतो, आणि रंग दिल्यावर पोपडे निघतात. पंख्याची हवा आणि सावली हाच खरा उपाय, पण श्रावणातली झड मध्येच लागली की कोण थांबणार? मग रंग खडूच्या पांढऱ्या थरावर चढतो, आधी अंगाचा, मग वस्त्राचा, मग दागिन्यांचा. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी. तेव्हा कारागीर कोपर दुसऱ्या हाताच्या मनगटावर टेकवतो, श्वास धरतो आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढतो. रेघ मध्ये तुटली तर पुसून जोडत नाहीत, पांढरा देऊन पुन्हा ओढतात.

इथे जलरंग करायचे तर एक गोष्ट लक्षात ठेवा: दमट हवेत पहिला वॉश लवकर वाळत नाही. तो वाळलाय असं समजून दुसरा चढवला की दोन्ही मिसळून चिखल होतो. कागद हाताच्या पाठीला थंड लागतोय तोवर थांबायचं. मी एका वेळी दोन पाट चालवते, एक वाळतो तोवर दुसरा. उन्हाळ्यात नेमकं उलट करावं लागतं: कागद दोन्ही बाजूंनी ओला करायचा आणि पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब, जास्त नाही, नाहीतर कागद चिकट राहतो.

परतताना दीक्षाभूमी. धोलपूरच्या दगडाचा अर्धगोल, वास्तुरचना शिव दान मल यांची. रेखाटायला सोपा वाटतो आणि तिथेच फसवतो. सगळे सगळ्यात गडद छटा कडेला देतात, मग घुमट कापलेल्या थाळीसारखा सपाट दिसतो. गडद पट्टा कडेच्या थोडा आत असतो. अगदी कडेला आकाशाचा परतलेला उजेड येतो. इथली शांतता पाळून लांब बसावं, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत पाट उघडू नये.

आता अभ्यासाचं. बीएफए ही कलेची पदवी चार वर्षांची, पहिलं वर्ष पायाभूत. त्यासाठी सीईटी या प्रवेशपरीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र लागतं, शिवाय कलेची सामान्य माहिती. वर सांगितलेला फेरा या तिन्हींची तालीम आहे: घोडे आणि शिल्पं म्हणजे वस्तुचित्र, चितार ओळीचे दागिने म्हणजे संकल्पचित्राला नक्षी, आणि घरी येऊन तीच गल्ली न बघता काढणं म्हणजे स्मरणचित्र. स्मरणचित्रात गर्दी काढताना डोकी एका रेषेत ठेवली आणि पाय वरखाली केले की खोली आपोआप येते, अर्थात आपण उभे असू तर.

नागपूरच्या मुलांना पुढचं पाऊल म्हणून मुंबई किंवा बडोदा सुचवलं जातं. त्यात गैर काही नाही. चित्रकार एस. एच. रझा इथल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून मगच मुंबईला गेले. चित्रकार वा. सु. गायतोंडे तर जन्माने नागपूरचे. पण मला शिल्पकलेत एमएफए ही पदव्युत्तर पदवी करून परत यायचंय. चितार ओळीच्या सांगाड्यांची मापं घेऊन रेखाचित्रं करायची आहेत: फळी किती, तणस कुठे जाड, तोल कुठे. हे ज्ञान हातांत आहे, कागदावर फारच थोडं. पोट भरायला शाळेत कलाशिक्षकाची नोकरी मिळाली तरी चालेल, सुट्टी नेमकी मे महिन्यात असते एवढीच तक्रार.

फेऱ्याला जोडून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी थांबता आलं तर थांबा. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन निघतात, आणि त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत. सोबत बडग्ये, म्हणजे दरवर्षी नव्या विषयावरचे पुतळे. त्या गर्दीत जलरंग विसरा. ए५ची वही, एक ब्रशपेन, आणि उभं राहायला एखाद्या ओळखीच्या दुकानाची पायरी. मारबतीचं तोंड आणि हात आदल्या दिवसांतच काढून ठेवावेत, ती तयार होत असताना; मिरवणुकीत फक्त माणसं आणि हालचाल टिपायची. एका आकृतीला दहा सेकंदांहून जास्त मिळत नाहीत. खांद्याची रेघ, कमरेची रेघ, वजन कुठल्या पायावर आहे, एवढं पकडा. बाकीचं घरी.