पांढरी पडलेली खोली

आगीनंतर इमारत बघायला मला, स्ट्रक्चरल इंजिनिअरला, बोलावतात तेव्हा लोक आधी काळं दाखवतात. नवी मुंबईतल्या या मराठी मंडळीच्या चर्चमध्येही तेच झालं. पाळकसाहेब, सेक्रेटरी आणि पंचमंडळातले तिघं मला थेट वर उपासनेच्या हॉलमध्ये घेऊन गेले. भिंती काळ्या, पंखे काळे, वेदीमागचा लाकडी क्रूस काळा, पीव्हीसीच्या फॉल्स सीलिंगच्या पट्ट्या लोंबताहेत. कुणाला इजा झाली नव्हती, म्हणून येत्या रविवारी सगळ्या मंडळीने वेदीभोवती उभं राहून उपकारस्तुती करायची असं ठरलं होतं. "साहेब, ही भिंत अंगावर येणार नाही ना, एवढंच सांगा," सेक्रेटरी म्हणाले.

भिंतीला काही झालं नव्हतं. आम्ही ज्यावर उभे होतो, तो स्लॅब गेला होता.

वेदीच्या बरोबर खाली तळमजल्याची स्टोअररूम आहे. आग तिथे लागली आणि तिथेच जळत राहिली. धूर जिन्यातून आणि वायरींसाठी स्लॅबला पाडलेल्या, कधीच न बुजवलेल्या भोकातून वर चढला. स्टोअररूमचं छत मात्र फिकट, पांढुरकं दिसत होतं, आणि म्हणून तिच्याकडे कुणी फारसं बघितलंच नव्हतं. काजळी तुलनेने थंड पृष्ठभागावर धरते. काँक्रीट पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे गेलं की आधी बसलेली काजळीही जळून जाते. त्यामुळे आग विझल्यावर जी जागा सगळ्यात स्वच्छ दिसते, ती बहुतेकदा सगळ्यात जास्त भाजलेली असते. हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो, तरी लोक काळ्यालाच भितात.

त्या खोलीत काय होतं? नाताळचे स्टार, थर्मोकोलचा गोठ्याचा देखावा, जुने पडदे आणि एकात एक घालून रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. पॉलिप्रॉपिलीन किलोला साधारण ४३ ते ४६ मेगाज्यूल उष्णता देतं, लाकूड सतरा-अठरा. शे-दोनशे खुर्च्यांची चळत म्हणजे बंद खोलीत घातलेलं इंधन. सभागृह, शाळा, मंदिर, सोसायटी, सगळीकडे या खुर्च्या जिन्याखाली किंवा मीटरबोर्डाशेजारीच रचलेल्या असतात.

पहिलं काम धिरे. लोखंडी प्रॉप मीटरभर अंतरावर, वर-खाली लाकडी फळ्या घालून. चावी फिरवायची ती प्रॉप स्लॅबला नुसता टेकेपर्यंत. कामगारांना सवय असते शेवटचा पिळा मारून घट्ट करायची. पण भाजलेला स्लॅब वर ढकलला की वरच्या बाजूला चिरा पडतात आणि आधी नव्हतं ते नुकसान आपणच करतो. खाली दोरी ताणून मोजलं: १२५ मिलिमीटर जाडीचा, ३.६ मीटर गाळ्याचा स्लॅब मध्यभागी ४० मिलिमीटर लोंबला होता. जमाव उभा राहणाऱ्या, पक्की आसनं नसलेल्या जागेसाठी भारतीय मानक आयएस ८७५ चौरस मीटरला ५०० किलो भार धरायला सांगतं. वेदीभोवती दाटीने उभे राहून गाणाऱ्या मंडळीला या स्लॅबवर मी उभं करू शकत नव्हतो. तसं स्पष्ट लिहून दिलं आणि जिन्याला कडी घातली. पाळकसाहेबांनी त्याच दिवशी जवळच्या मल्याळी मंडळीशी बोलून त्यांच्या उपासनेनंतरची दुपारची वेळ मागून घेतली. एका शब्दानेही वाद घातला नाही. इमारतीची मालकी असलेली माणसं असं सहसा वागत नाहीत, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

ठेकेदार मात्र माझ्या आधी पोहोचला होता. प्लास्टर, रंग, नवं सीलिंग, एका आठवड्यात चकाचक, असं कोटेशन त्याने देऊनही टाकलं होतं. उत्साही तरुणांनी स्टोअररूमचं अर्धं प्लास्टर हातोडीने उडवून ढिगाऱ्यात टाकलं होतं. आगीनंतरचा ढिगारा हा पुरावा असतो. पंचनामा, अग्निशमन दलाची पाहणी, विद्युत निरीक्षक आणि विम्याचा सर्व्हेअर हे सगळं होईपर्यंत तो हलवू नये. मलाही तो हवा असतो, कारण त्यातूनच तापमान वाचता येतं.

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. वर हॉलमधली पंख्यांची पाती सरळ होती, फक्त स्विचबोर्ड मऊ होऊन ओघळले होते. म्हणजे वर धूर आणि गरम हवा होती, ज्वाळा नव्हत्या. खाली खिडकीच्या चौकटीचे गोळे झाले होते, काच मेणासारखी वाहून थिजली होती, आणि भजनातल्या पितळी झांजेची कड गळून गोलसर झाली होती. पितळाला ९०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. तांब्याच्या तारा शाबूत होत्या, तांबं १०८३ ला वितळतं. एका झांजेने आगीचं वरचं आणि खालचं टोक जवळजवळ बांधून दिलं. तारांच्या टोकांना मणी दिसले की लगेच 'शॉर्ट सर्किट' लिहून मोकळं होतात, तेही थांबायला हवं. आग तारेपर्यंत पोहोचून इन्सुलेशन जळालं तरीही तसेच मणी होतात. मणी कारण असू शकतो तसाच परिणामही. आगीच्या कारणाच्या अहवालात आमच्याकडेही तोच एक शब्द आला.

पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की तीनशे ते सहाशे अंशांत काँक्रीट गुलाबी होतं. तो रंग खडी-वाळूतल्या लोहाचा. आपल्याकडची खडी काळ्या बेसाल्टची, तिच्या काँक्रीटमध्ये तो गुलाबी पट्टा अनेकदा नीट दिसतच नाही. गुलाबी नाही म्हणजे भाजलं नाही, असं इथे धरून चालणार नाही. त्यापेक्षा हातोडी बरी: खणखणीत आवाज म्हणजे घट्ट, बद्द आवाज म्हणजे आत पापुद्रा सुटलाय. हातोडीने सगळ्या छताचा नकाशा काढला, मग अल्ट्रासोनिकने काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचे वेग मोजले. सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली गेलं की शंका घ्यायची. स्लॅबच्या मध्यावर तो दोनच्याही खाली होता.

कोअर, म्हणजे तपासणीसाठी काँक्रीटमधून कापलेली गोल कांडी, काढताना एक गोष्ट नेहमी चुकते. स्लॅबची गाभा-कांडी काढतात आणि अख्खी दाबून बघतात. खालचे ३० मिलिमीटर भाजलेले, वरचे ९० चांगले, तर मशीन जो आकडा देतं तो धड या थराचा नाही, धड त्या थराचा नाही. आधी कांडी उभी चिरून फिनॉल्फ्थॅलिन (चुना शाबूत असेल तिथे गुलाबी होणारं रसायन) मारून बघायचं. जिथे रंग चढत नाही तिथे चुना गेलेला. तो जुन्या कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने, गेला की आगीने, हे ठरवायला न जळलेल्या बाजूची एक कांडी शेजारी ठेवावी लागते. खाडीजवळच्या तीसेक वर्षांच्या इमारतीत कार्बोनेशन असतंच. ही दुसरी कांडी पैसे वाचवायला म्हणून काढत नाहीत, आणि मग निदान अधांतरी राहतं.

स्लॅबचा निकाल शेवटी सळईने लावला. त्या काळातली टॉर स्टील, म्हणजे थंड असताना पिळून ताकद आणलेली. हॉट रोल्ड, म्हणजे गरम असताना लाटलेली, सळई सहाशे अंशांपर्यंत तापून थंड झाली तर बरीचशी ताकद परत मिळवते. टॉरची पिळाची कमाई साडेचारशेच्या पुढे विरघळायला लागते आणि परत येत नाही. सळईवरचं काँक्रीटचं कव्हर जेमतेम १५ मिलिमीटर. तासाभराच्या आगीत पाचशे अंशांची रेषा स्लॅबमध्ये वीसेक मिलिमीटर आत जाते, म्हणजे सळया तिच्या पलीकडे नव्हत्याच. कापून तपासलेले तुकडे या सळईच्या ठरलेल्या ४१५ मेगापास्कल ताकदीच्या बरेच खाली आले. स्लॅब पाडायचा ठरला. आता ती रंगरंगोटी उरली नव्हती, म्हणून महापालिकेच्या नगररचना विभागाची परवानगी आणि भूखंड भाडेपट्ट्याचा असल्याने सिडकोचं पत्र, दोन्ही लागलं.

वरच्या छताच्या कैच्या (ट्रस) वाचल्या. ११ मीटरची लोखंडी कैची अडीचशे अंशांनी तापली तर ३३ मिलिमीटर लांबते आणि टोकाच्या भिंतींना ढकलते. ओळंबा लावला, बेअरिंगखाली केसाएवढ्या चिरा सापडल्या, त्यापलीकडे काही नाही. आगीनंतर सरळ राहिलेलं हॉट रोल्ड लोखंड सहसा वापरण्याजोगं असतं. बोल्ट मात्र सगळे बदलले.

स्वच्छतेबद्दल थोडं. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो, तो जळताना हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन काजळीबरोबर सगळीकडे बसतो. तरुण मंडळी पाइप लावून भिंती धुवायला निघाली होती. ओली काजळी प्लास्टरमध्ये मुरते, क्लोराइड तिच्याबरोबर आत जातात, आणि दोन पावसाळ्यांत सळया गंजायला लागतात. आधी कोरडं: व्हॅक्यूम, मग कोरडा स्पंज, वरून खाली. त्यानंतर सौम्य अल्कधर्मी साबणाचं पाणी, लगेच पुसून. काँक्रीटची भुकटी काढून क्लोराइड तपासले. आयएस ४५६ ची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो.

नोंदवह्यांचं श्रेय महिला मंडळाला. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या जुन्या वह्या कपाटात भिजल्या होत्या. त्यांनी पानं ओढून वेगळी केली नाहीत, उन्हात टाकल्या नाहीत. कोरे कागद मध्ये घालून, दर थोड्या वेळाने बदलून, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवल्या. या हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. लग्नाच्या नोंदीची प्रत १८७२ च्या कायद्याप्रमाणे सरकारकडे जाते. बाप्तिस्म्याची वही एकच असते.

पैशांचं गणित विम्याने बिघडवलं. इमारत जुन्या पुस्तकी किमतीवर उतरवलेली. पारंपरिक आगीच्या पॉलिसीत 'ॲव्हरेज'चं कलम असतं: इमारत पुन्हा उभी करायला २ कोटी लागतात, विमा १ कोटीचा, तर ६० लाखांच्या नुकसानीला ३० लाखच मिळतात. कर्ज काढावं म्हटलं, तर सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. उरलेली रक्कम मंडळीने स्वतः जमवली. सुगीच्या सणाच्या लिलावात नारळ आणि भोपळे हजारोंच्या बोलीला गेले.

आणि याच पैशातून मी त्यांना एक तुळई जॅकेट करायला, म्हणजे तिच्याभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण घालायला लावली. तेच अजून मनातून जात नाही.

स्टोअररूम आणि तिच्या शेजारची संडे स्कूलची खोली यांच्या मधली ही तुळई वेदीचा भार घेते. तिचे कोअर नियमाने पास होते: सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्क्यांच्या वर, एकही ७५ च्या खाली नाही. वेग मात्र ३.१ ते ३.४, आणि आगीच्या बाजूचा खालचा कोपरा बद्द वाजत होता. शिवाय चारशे-पाचशे अंशांत काँक्रीटमधल्या चुन्याचं पाणी जातं. आग विझल्यावर तो हवेतली ओल घेऊन पुन्हा फुगतो आणि नव्या चिरा आठवड्यांनी, महिन्यांनी दिसतात. आज घेतलेला आकडा उद्याची खात्री देत नाही. मी जॅकेट लिहिलं.

काम मात्र मनासारखं झालं. भाजलेला भाग काढायचा तो छोट्या ब्रेकरने, खडी फुटायला लागेपर्यंत; खडी अख्खी निसटून येत असेल तर अजून आत जायचं. सळयांच्या मागे बोटभर जागा मोकळी, तारेच्या ब्रशने घासून झिंक प्रायमर. नव्या सळयांच्या भोकात फुंकर, ब्रश, फुंकर, ब्रश. धूळ राहिली तर केमिकल अँकर धुळीला चिकटतो, काँक्रीटला नाही. शिवाय हा राळेचा चिकटपणा उष्णतेत टिकत नाही, म्हणून वर पुरेसं कव्हर हवंच. मायक्रोकाँक्रीट पाण्यासारखं वाहतं, फळ्यांच्या सांध्यातून गळतं, म्हणून साचा आधी पाणी भरून तपासला. ओतायचं एकाच बाजूने, दुसऱ्या बाजूला हवा निघायला नळी. दोन्हीकडून ओतलं की मध्ये हवा अडकते आणि तुळईच्या पोटात पोकळी राहते. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच. मिस्त्रीला ते घट्ट वाटत होतं. तो मगभर जास्त घालायला गेला, तेव्हा ती बॅच मी फेकून द्यायला लावली.

शेवटचं बिल देताना खजिनदारांनी विचारलं, "साहेब, ही तुळई तशीच सोडली असती, तर पडली असती का?" मी म्हटलं, "काका, बहुतेक नसती." ते गप्प झाले. त्या रकमेत त्यांचं साउंड सिस्टीमचं आणि नव्या बाकांचं काम झालं असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. 'बहुतेक'च्या मागे काय आहे ते मी त्यांना समजावलं. ते पटलं की त्यांनी मान दिला, हे मला कळलं नाही.

संडे स्कूलच्या पलीकडच्या बाजूला त्याच मापाची जोड-तुळई आहे. तिला कमी आच लागली होती, म्हणून ती तशीच ठेवली. तिच्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. चीर उघडली तर काच तडकेल. तरुणसंघातला एक मुलगा दर रविवारी बघून फोटो पाठवतो. आतापर्यंत सगळ्या शाबूत आहेत. पावसाळा पुढे आहे, ओल तेव्हा आत शिरेल. जॅकेट केलेल्या तुळईबद्दल त्या पट्ट्या थेट काही सांगणार नाहीत. आच कमी-जास्त होती. तरीही फोटो आला की मी आधी तोच उघडतो.

खुर्च्या पुन्हा कुठे ठेवायच्या यावर पंचमंडळात अजून वाद चालू आहे. जिन्याखालची जागा मी अहवालात लाल अक्षरांत नाकारली आहे. अग्निसुरक्षेचा फॉर्म ब दर जानेवारी आणि जुलैला भरायचा असतो, त्याची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर टाका असंही लिहिलं आहे. ते नाव अजून आलेलं नाही.