कोकम सरबत

वाशीच्या ज्या दवाखान्यात मी केमोथेरपीसाठी जात असे, तेथे पहिल्याच दिवशी माझी वजनकाट्यावर फजिती झाली. मी घाईघाईत चपलांसकट काट्यावर चढले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "काकू, चपला काढा. त्यांना औषध द्यायचं नाहीये." केमोची मात्रा उंची आणि वजन यांवरून ठरत असल्यामुळे त्या बोलण्यात थट्टेइतकेच तथ्यही होते, पण ठाण्याहून लोकलमध्ये बसल्यापासून ऐरोली, रबाळे, घणसोली अशी स्थानके मुकाट्याने मोजत आलेली मी त्या दिवशी प्रथमच हसले.

निदान झाल्यापासून नौपाड्यातल्या आमच्या घरात पाळण्यात बाळ निजल्यासारखे सगळे हळू आवाजात बोलत होते. भेटायला येणारी मंडळी "पॉझिटिव्ह राहा" असे बजावून जात आणि ती गेली की मला थकवा येई. दवाखान्यात मात्र ते वाक्य मला एकदाही कोणी ऐकवले नाही.

माझ्या पहिल्या चार खेपांत, दर 21 दिवसांनी, डॉक्सोरुबिसिन नावाचे लाल औषध असे. ते शिरेतून बाहेर झिरपले तर आजूबाजूच्या मांसाला गंभीर इजा होते, म्हणून चालू सलाइनच्या नळीतून ते सिरिंजने सावकाश सोडावे लागते आणि तेवढा वेळ सिस्टरांना रुग्णाशेजारी स्टुलावर बसून शिरेवर नजर ठेवावी लागते. आमच्या गप्पांचे मूळ या सक्तीच्या बैठकीत होते. "आज कोकम सरबत," असे म्हणत त्या सिरिंज पुढे करीत आणि मी, रत्नागिरीचे माहेर स्मरून, "जिरं घातलंय ना?" असे विचारीत असे. पुढे लघवीही एक-दोन दिवस लाल होते. त्याची पूर्वसूचना देताना त्यांनी एका आजोबांची हकिकत सांगितली, ज्यांनी रात्री दोन वाजता फोन करून "मी बीट खाल्लेलंच नाही" असे शपथेवर सांगितले होते. ती हकिकत खरी असो वा रचलेली, दुसऱ्या दिवशी मी घाबरले नाही.

चहा आणून देणाऱ्या मामांना पूर्ण टक्कल होते. माझे केस गळू लागल्यावर मी पहिल्यांदा स्कार्फ बांधून गेले, तेव्हा ते कप ठेवता ठेवता म्हणाले, "ताई, तुमचे परत येतील. आमचे बिनऔषधाचे गेले, आम्ही कोणाकडे तक्रार करायची?" हेच वाक्य एखाद्या दाट केसांच्या माणसाने उच्चारले असते, तर मी ते विसरले नसते आणि त्याला माफही केले नसते.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. या मंडळींच्या थट्टेचे विषय म्हणजे शिरा, वजन, चहा आणि फार तर लोकलची गर्दी. आजारावर मात्र कोणी कधी विनोद केला नाही. तिसऱ्या खेपेला शेजारच्या खुर्चीत एक तरुण बसला होता आणि त्याची पत्नी हातातला रिपोर्ट पुन्हा पुन्हा घडी घालून उलगडीत होती. त्याच सिस्टर त्याच्याजवळ तशाच सिरिंज घेऊन बसल्या, पण पूर्ण वेळ एक अक्षरही बोलल्या नाहीत. मध्ये एकदा त्यांनी फक्त त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. नंतर माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुमची शीर आज पुन्हा लपून बसलीय. बिल बघितलं का तिनं?"

पाचव्या खेपेपासून औषध बदलले. पॅक्लिटॅक्सेल पाण्यासारखे बिनरंगी असते आणि ते तीन तास पंपावर थेंबाथेंबाने जात राहते, त्यामुळे शेजारी कोणाला बसून राहावे लागत नाही. सुरुवातीची काही मिनिटे लक्ष ठेवून सिस्टर दुसऱ्या रुग्णाकडे निघून गेल्या. आपल्याला त्या लाल सिरिंजची आठवण येत आहे, हे ध्यानात येऊन मी चकित झाले. तेवढ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, कोणाच्या तरी हाताला पट्टा बांधता बांधता, त्यांनी विचारले, "काय काकू, नुसतं पाणी गोड लागतंय का?"

"मीठ कमी आहे," मी म्हणाले.