'ही खरी एनफिल्ड नव्हे'

गेल्या रविवारी सकाळी, डर्बीशरमधल्या एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत, भुरभुर पावसात, सत्तरीच्या एका गृहस्थांनी माझ्या बुलेटभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि अगदी अदबीने सांगितलं, "गाडी छानच आहे, पण ही खरी एनफिल्ड नव्हे. मद्रासची आहे."

तेव्हापासून डोकं फिरलंय.

ट्रायल्सच्या स्पर्धेला गेलो होतो. ट्रायल्स म्हणजे काय ते आधी सांगतो. गणपतीत मंडळाची सावकाश सायकल स्पर्धा असायची ना, पाय टेकला की बाद? तीच स्पर्धा मोटरसायकलवर, आणि मैदानाऐवजी ओढा, ओले दगड, झाडांची मुळं. उजवीकडे लाल खुणा, डावीकडे निळ्या, त्यामधून उभ्यानेच गाडी काढायची. पाय टेकला नाही तर शून्य. एकदा टेकला एक, दोनदा टेकला दोन, त्याहून कितीही वेळा टेकला तरी तीन. थांबलात, पडलात किंवा खुणेबाहेर गेलात की पाच. ज्याचे गुण कमी तो जिंकला. वेगाला इथे काडीची किंमत नाही.

जुन्या गाड्यांसाठी प्री-65 नावाचा गट असतो. 1965 च्या आधीची ब्रिटिश बनावट हवी. माझी बुलेट 1984 ची, मद्रासला बनून जहाजाने इथे आलेली. 1977 पासून आपण बुलेट इंग्लंडला विकत होतो, हे इथल्या लोकांनाही आठवत नाही. मला ही एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये मिळाली, सीटमध्ये उंदरांचं घर होतं.

आता मला सांगा. 1948 मध्ये इंग्लंडच्या रॉयल एनफिल्ड कंपनीने कोलमोर कप नावाच्या ट्रायलला नव्या बुलेटचे नमुने पहिल्यांदा उतरवले, मागच्या चाकाला स्विंगआर्म, म्हणजे चाक वर-खाली होऊ देणारा दांडा लावून, तेव्हा लोक हसले होते. मग याच 350 बुलेटवर जॉनी ब्रिटनने स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली, 1952 ला आणि पुन्हा 1957 ला. 1955 पासून मद्रासला तीच बुलेट आपल्या लष्करासाठी जोडायला लागले. इंग्लंडने ती 1962 ला बंद केली, आणि 1970 पर्यंत गाड्या बनवणंच गुंडाळलं. आपण मात्र बनवत राहिलो. सत्तर बाय नव्वद मिलिमीटरचं तेच बोअर-स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरचं माप, तोच उजव्या पायाचा गिअर. आई गेल्यावर मावशीने पोर वाढवलं, आणि आता ते पोर दारात आलं तर म्हणतात, हा आमचा नव्हे.

बरं, माझ्या शेजारी जी 'खरी' 1959 ची गाडी उभी होती तिची फ्रेम नवी, हब नवे, कार्ब्युरेटर नवा, टाकी फायबरची. इंजिनाच्या केसवरचा नंबर तेवढा जुना. मालकानेच कौतुकाने दाखवलं. ती गटात चालते! नियमाप्रमाणे भाग जुन्यासारखे दिसले की झालं. मी काही बोललो नाही. परक्या देशात किती बोलायचं याचा एक अंदाज नऊ वर्षांत येतो. मला खुल्या गटात टाकलं, पोरासोरांच्या सत्तर किलोच्या गाड्यांबरोबर. माझी दीडशेच्या पुढे.

तयारी मात्र मी केली होती. टायरमध्ये हवा फक्त पाच पौंड, रिमवर टायर घसरू नये म्हणून आतून क्लॅम्प. पुढचा स्प्रॉकेट लहान, म्हणजे गाडी चालण्याच्या वेगाने रांगते. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंट्सच्या झाकणाला व्हॅसलिन, पाणी जाऊ नये म्हणून. आणि बुलेटचे खास ब्रिटिश मापाचे पाने, ज्यांच्यावर बोल्टच्या डोक्याचं नव्हे, दांड्याचं माप लिहिलेलं असतं. कोल्हापुरात मेस्त्रींकडे मी सुट्टीत बसायचो तेव्हा यावरून किती शिव्या खाल्ल्यात.

तिसऱ्या सेक्शनला, म्हणजे टप्प्याला, ओढ्यातून चढ होता. दुसऱ्या गिअरमध्ये मस्त चाललो होतो, आणि बुटाची टाच न्यूट्रल फाइंडरवर, म्हणजे एका दाबात गाडी न्यूट्रल करणाऱ्या दांडीवर पडली. सिग्नलला जी सोय वाटते ती ओढ्यात वैरीण. गाडी न्यूट्रल, इंजिन बोंबलतंय, मी दगडाला टेकून. क्षणभरच.

तिथे घडीच्या खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. पाच दिले. मी म्हटलं, मी थांबलो नव्हतो, घसरलो. त्या म्हणाल्या, "थांबलास, डक." इकडे प्रेमाने सगळ्यांना डक म्हणतात. संपला विषय. सकाळी नऊ ते तीन, त्या पावसात, बिनपैशाने, चार फेऱ्यांत प्रत्येकाचं चाक बघत बसल्या. ना स्वतःचा मुलगा स्पर्धेत, ना नातू. आपल्या गल्लीत अंपायर बॅटिंगवाल्यांचा असायचा आणि पहिला बॉल ट्रायल. शेवटच्या फेरीला मी तोच चढ एकदाच पाय टेकून काढला, तर त्यांनी एक लिहिला आणि थर्मासमधला चहा पुढे केला. दूध नावाला, साखर नाही. प्यायलो.

घरी येऊन गाडी धुताना बाबांची बुलेट आठवली. तीही 1984 चीच. इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स नाही, फार बदल केले नसतील तर वार्षिक तपासणीही नाही. आपल्याकडे पंधरा वर्षं झाली की पुन्हा नोंदणी, ग्रीन टॅक्स, आरटीओचे खेटे. बाबांना गुडघ्यांमुळे ते जमत नव्हतं. मीच फोनवर म्हटलं, विकून टाका. तिथे असतो तर विकू दिली नसती, असं मी सांगतो लोकांना. तीन वर्षांसाठी आलो होतो, हेही सांगतो.

रात्री मेस्त्रींना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. ओढा, चढ, मागे धुक्यातली खाण. वाटलं, कौतुक करतील. दहा मिनिटांनी फोन.

"एक्झॉस्टचं टॅपेट वाजतंय की, लेका."

"मेस्त्री, ओढ्याचा आवाज आहे तो."

"ओढा मला शिकवतोस? झाकण काढ. इंजिन गार असू दे. पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये."

सकाळी कामावर जाण्याआधी झाकण काढलं. एक्झॉस्टचा पुशरॉड टकटक हलत होता.